इंग्रजीतील तुमन्त व धातुसाधित नाम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कोणत्या इंग्रजी क्रियापदापुढे 'टू'युक्त तुमन्त योजावे व कोणत्यापुढे 'इंग'-प्रत्ययान्त धातुसाधित नाम, याच्या याद्या विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेण्याचा प्रघात आहे. मराठी विद्यार्थ्याला त्या विशेष जाचतात. कारण 'वाचणे' ह्या एकाच नामाच्या निरनिराळ्या विभक्तिरूपांनी त्याची दोन्ही कामे भागतात. तथापि ह्या रूपांचा इतिहास पाहिला असता हा भेद सर्वस्वी यादृच्छिक नाही, असे दिसून येते.

प्राचीन इंग्रजीत 'पिणे' ह्या अर्थी 'ड्रिंकन' असे रूप होते. त्याचेच चतुर्थीसदृश विभक्तिरूप 'टो ड्रिंकेन्ने' होय; अर्थ, 'पिण्यास'. येथे 'टो' हे दिशा व हेतू दर्शविणारे शब्दयोगी अव्यय होते. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत अन्त्य प्रत्यय क्षीण होत जाऊन लोपले आणि 'टू' हेच तुमन्ताचे चिन्ह होऊन बसले. संस्कृतातील 'कर्तुम्' हेदेखील मुळात एका क्रियावाचक नामाचे द्वितीयेत गोठलेले रूप आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

'इंग'-रूपाची कुळकथा निराळी आहे. 'उंग' अथवा 'इंग' हा नामे साधणारा प्रत्यय होता. 'लेऑर्नुंग' म्हणजे अध्ययन. वर्तमानकालवाचक विशेषणाचा प्रत्यय 'एन्दे' हा त्याहून वेगळा होता. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही 'इंग' ह्या एकाच रूपात मिसळले. सुमारे चौदाव्या शतकापासून हे नाम क्रियापदाप्रमाणे थेट कर्म घेऊ लागले. ह्या दुहेरी स्वरूपामुळे वैयाकरणांत वाद माजले. रॉबर्ट लाउथ याने 1762 च्या आपल्या व्याकरणात असा दंडक घातला की, 'द सेंडिंग ऑफ देम' म्हणावे किंवा 'सेंडिंग देम' म्हणावे; दोहोंची सरमिसळ करू नये. विसाव्या शतकात ह्या नामाचा कर्ता षष्ठीतच असावा, असा फाउलर याचा आग्रह होता. येस्पर्सेन याने ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे 1926 मध्ये त्याचा प्रतिवाद केला.

हा इतिहास अध्यापनास उपकारक आहे. 'टू' मुळात गन्तव्य दर्शवीत असल्याने तुमन्ताचा कल पुढे घडावयाच्या क्रियेकडे असतो. नाम मात्र क्रियेला वस्तुरूप देते. म्हणूनच 'स्टॉप टू रीड' म्हणजे वाचण्यासाठी थांबणे, तर 'स्टॉप रीडिंग' म्हणजे वाचन थांबविणे. 'रिमेंबर टू पोस्ट' मध्ये पत्र टाकावयाचे असते. 'रिमेंबर पोस्टिंग' मध्ये ते टाकलेले असते. 'लुक फॉरवर्ड टू सीइंग' मध्ये 'टू'पुढे 'इंग' येते, तेही ह्याच न्यायाने. तेथील 'टू' अद्याप शब्दयोगी अव्ययच आहे.

'बिगिन' सारख्या क्रियापदापुढे दोन्ही रूपे बहुधा अर्थभेदाविना येतात. तेव्हा इतिहासाने प्रत्येक प्रयोग उलगडेलच असे नाही. यादीची आवश्यकता सर्वथा संपत नाही. परंतु मूळ अर्थाचे भान असेल, तर पाठांतराचा भार पुष्कळसा हलका होईल आणि उरलेले अपवाद अपवाद म्हणून ओळखता येतील.