धाव, धावा आणि धावपळ

मराठीत 'धाव' हा शब्द दोन माणसांत वाटला गेला आहे. संकटात सापडलेला धावा करतो आणि धाव घेतो तो दुसराच कोणी: देव, भाऊ किंवा शेजारी. 'धावून येणे' म्हणजे मदतीला येणे. ज्याच्यावर बेतले आहे तो स्वतः धावतो ते जीव वाचवण्यासाठी, आणि त्याला आपण पळणे म्हणतो. मन खचलेल्या माणसाने पहाटे उठून, बूट चढवून, स्वतःच्याच मदतीला धावावे ही कल्पना भाषेच्या जुन्या घडणीत बसत नाही. म्हणूनच तिच्यामागचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कल्याणपलीकडच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या आधाराने आम्ही तो पाहू इच्छितो, कारण धावण्याचे सगळे अर्थ येथे एकाच रुळाच्या कडेला सापडतात.

पहिला अर्थ पळण्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि नदीच्या नावावरून तिला उल्हासनगर म्हटले गेले. घरदार सोडून आलेल्या माणसांच्या पत्त्यावर 'उल्हास' हा शब्द आला. मात्र तोंडी पत्त्यातला 'कॅम्प' आजही गेलेला नाही.

या माणसांच्या मनाचे काय झाले? फाळणीच्या काळात शासनाने वेडाची दखल घेतली ती फार चमत्कारिक रीतीने. १९५० मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या मनोरुग्णालयांतील रुग्णांची धर्मानुसार अदलाबदल केली. सआदत हसन मंटोंची 'टोबा टेक सिंग' ही कथा त्याच अदलाबदलीवर उभी आहे. सारा उपखंड पळत असताना तिचा नायक वर्षानुवर्षे नुसता उभा असतो, हा तपशील साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पण मनोरुग्णालयाबाहेरच्या, बराकीतल्या माणसाचे दुःख कोणत्याच नोंदवहीत आले नाही. तेथे मोजले जात होते ते शिधा आणि छप्पर. त्याने दुकान थाटले, यंत्र बसवले, धंद्याच्या धावपळीत स्वतःला झोकून दिले. कामात मन गुंतते हे खरे. पण गुंतलेले मन आणि बरे झालेले मन एक नव्हे.

दुसरा अर्थ रेल्वेने दिला. १८५६ मध्ये लोहमार्ग या बाजूने खोपोलीपर्यंत पोचला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० आणि बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथला आयुध निर्माणी होती, काडेपेटीचा कारखाना होता. तरी मुंबईत घर न परवडणारा नोकरदार येथे राहायला आला तो रोज मुंबईला जाण्याच्या तयारीनेच. तेव्हापासून येथला माणूस पुलावरून धावतो आहे, लेटमार्क चुकवण्यासाठी, फार तर चौथी सीट मिळवण्यासाठी. छाती धपापते, घाम फुटतो, श्वास लागतो. लक्षणे व्यायामाचीच, पण मनावरचा परिणाम उलटा. कारण येथे गती धावणाऱ्याच्या हाती नाही, ती फलाटावरच्या घड्याळाच्या हाती आहे.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वसामान्यांना ठरावीक वेळांपुरती मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना गाडी खुली झाली. फलाटावरची धाव थांबली. पण तिला विसावा म्हणता येईना, कारण अनेकांच्या पोटाची भ्रांत तिच्याबरोबरच सुरू झाली. सक्तीची धाव आणि सक्तीचे थांबणे ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे तेव्हा कळले.

तिसरा अर्थ स्वेच्छेचा, आणि आपल्याकडे तो उशिराचा. पेशवाईत पत्रे घेऊन जासुदांच्या जोड्या धावत, पण ती चाकरी होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, तो पराक्रम होता. जिंकायचे नाही, कुठे पोचायचेही नाही, तरी सामान्य माणसाने मोठ्या संख्येने धावायचे, ही गोष्ट मुंबई परिसरात प्रतिष्ठित केली ती २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने. तोवर रस्त्यात धावणाऱ्याला, विशेषतः धावणाऱ्या बाईला, "काय झालं?" असेच विचारले जाई. धावणे म्हणजे काहीतरी विपरीत घडले, हा भाषेतला जुना अर्थच त्या प्रश्नात बोलत असे.

या स्वेच्छेच्या धावण्याला वैद्यकानेही पाठिंबा दिला आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जॉन ग्रीस्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरील उपचार म्हणून धावण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांवर १६ आठवडे प्रयोग झाला. अखेरीस व्यायाम करणारे आणि गोळ्या घेणारे यांच्या सुधारणेत फारसा फरक उरला नाही. ॲमस्टरडॅममधील १४१ रुग्णांच्या २०२३ मधील अभ्यासातही नैराश्य आणि चिंतेच्या आजारातून सावरणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, शंभरात ४४ च्या आसपास निघाले. तेथील धावणे मात्र एकट्याचे नव्हते. आठवड्यातून दोनतीनदा, ४५ मिनिटे, देखरेखीखाली, गटाने. तरीही गोळ्यांचा क्रम ८२ टक्क्यांनी पाळला, तर धावण्याचा केवळ ५२ टक्क्यांनी.

आमच्या मते खरा इतिहास या शेवटच्या आकड्यात आहे. धावण्याचे औषध फुकट मिळते असे म्हणतात, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ज्याचे रोजचे तीनचार तास गाडीत जातात त्याने ती ४५ मिनिटे झोपेतून कापायची की मुलांच्या वाट्यातून? पहाटेच्या अंधारात बाईने कोणत्या रस्त्यावर धावायचे? खचलेल्या माणसाला "जरा धावायला जा" असे सांगणे सोपे आहे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याच्यावर बरे होण्याची जबाबदारीही टाकून आपण मोकळे होतो. सक्तीने पळालेल्या आणि सक्तीने धावणाऱ्या या शहरांना आता आरोग्याच्या नावाने तिसरी सक्ती नको आहे. त्यांना हवी आहे उसंत, चालण्याजोगा रस्ता आणि सोबत.

जुन्या मराठीने धाव आणि धावा वेगळे ठेवले यात शहाणपण होते. जासूद एकेकटे नव्हे, जोडीने धावत, हेही येथे आठवावे. ज्याला धावणे झेपते त्याने अवश्य धावावे. ज्याला झेपत नाही त्याला धावा करण्याचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा असा धावा ऐकण्यासाठी आहे. पण दूरध्वनीपलीकडे, त्याच इमारतीत, त्याच डब्यात, कोणी धावून येणारे आहे का, हा प्रश्न बदलापूर लोकलमधल्या प्रत्येकाला विचारता येण्याजोगा आहे.