पेढे की बर्फी?

बाळंतपणाची बातमी कळली की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला: पेढे की बर्फी? मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. कुणी बर्फीऐवजी जिलबी म्हणतं. पुढे हाच गोड शब्द सोनोग्राफीच्या खोलीत शिरला. गर्भ मुलाचा की मुलीचा हे तोंडाने सांगणं गुन्हा ठरल्यावर काही डॉक्टर नातेवाइकांना एवढंच म्हणायचे, ‘पेढे आणा.’ पुरावा मागे राहत नसे.

गोष्ट सोनोग्राफीच्या आधीची आहे, सुईपासून सुरू होणारी. साधारण चौथा महिना उलटला की पोटातून सुई घालून गर्भजल काढायचं आणि त्यातल्या पेशी तपासायच्या. जन्मजात व्यंगं शोधण्यासाठी आलेली ही तपासणी सत्तरच्या दशकातच मुलगी ‘शोधण्यासाठी’ वापरली जाऊ लागली. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत तिला मनाई केली, तसा धंदा खासगी दवाखान्यांत गेला. मुंबईच्या लोकल गाड्यांत त्याच्या जाहिराती लागत. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. 1986मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या 50 स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले 42 जण लिंग कळावं म्हणून ही चाचणी करत होते, आणि आपण अडलेल्या बायकांना मदत करतोय असंच त्यांतल्या अनेकांना वाटत होतं.

याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, आरोग्य चळवळ आणि लोकविज्ञानातली माणसं एकत्र आली आणि गर्भलिंगचाचणीविरोधी मंच उभा राहिला. दवाखान्यांसमोर निदर्शनं झाली, आईबाप मुलींना घेऊन मोर्चात चालले, आमदारांचे उंबरे झिजवले गेले. फळ 1988मध्ये मिळालं. देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तो अपुरा होता. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही त्यात शिक्षेच्या कक्षेत ओढलं होतं. सासर-माहेरच्या दडपणाखाली टेबलावर झोपणारी बाई गुन्हेगार कशी, असं कार्यकर्त्या विचारत राहिल्या. शिवाय राज्याची हद्द ओलांडली की कायदा संपत होता. देशासाठी कायदा व्हायला 1994 उजाडलं, आणि तो लागू झाला 1996मध्ये.

या चळवळीतला एक वाद आज फारसा कुणाला आठवत नाही, आणि तोच सगळ्यात मोलाचा आहे. वाद शब्दाचा होता. पोस्टरवर, भाषणात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द सर्रास येऊ लागला. ऐकताच काळजाला लागतो. पण गर्भपाताचा कायदा 1971चा. घरगुती, जीवघेण्या उपायांनी मरणाऱ्या बायकांना त्याने सुरक्षित वाट दिली होती. गर्भपाताला एकदा ‘हत्या’ म्हटलं की ती वाटही बंद होणार, हे स्त्री आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी ‘लिंगनिवड’ हाच शब्द धरून ठेवला. आमचा विरोध मुलगी नको म्हणून होणाऱ्या निवडीला आहे, मूल कधी हवं हे ठरवण्याच्या बाईच्या हक्काला नाही, असं त्या परोपरीने सांगत. भीती खरीच ठरली. 2012मध्ये बीड जिल्ह्यातलं लिंगनिवडीच्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण गाजलं, औषध दुकानांवर तपासण्यांचा धडाका सुरू झाला आणि राज्यात गर्भपाताच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. या गोळ्या लवकरच्या आठवड्यांत घेतात, तेव्हा लिंग सोनोग्राफीवर कळतही नाही!

मुंबईत चळवळ उभी राहत असतानाच पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात वेगळंच काम चाललं होतं. मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी 1987मध्ये ‘मासूम’ ही संस्था सुरू केली. तिथल्या दुष्काळी गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. ‘सदाफुली’ केंद्रात आरसा, बॅटरी आणि तपासणीचं साधन घेऊन त्या स्वतःच्या गर्भाशयाचं तोंड पाहायला शिकल्या, इतरजणींना दाखवू लागल्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, अंग बाहेर येणं हे सगळं ‘बाईचं नशीब’ म्हणून सोसणाऱ्या बायकांना आपलं शरीर प्रथमच डोळ्यांनी दिसलं.

हीच ‘मासूम’ 2000मध्ये मुंबईची ‘सेहत’ संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. कायदा आहे, पण राबवणारं कुणी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने राज्यांना जाब विचारला, सोनोग्राफी यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांकडून गिऱ्हाइकांच्या याद्या मागवल्या. यंत्रांची नोंदणी सुरू झाली. 2003मध्ये कायदा सुधारला गेला आणि गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली.

तोवर आकडे बोलू लागले होते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात 1991मध्ये 946 होत्या, 2001मध्ये 913 झाल्या. कोल्हापूर 839, सांगली 851, सातारा 878: ऊस पिकवणारे, साखर कारखान्यांचे, सुबत्तेचे जिल्हे. दहा वर्षांनी राज्याचा आकडा 894वर आला आणि बीडचा 807वर.

साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने या मधल्या काळात लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना पकडायला थेट दवाखान्यांत शिरायचं ठरवलं. त्यासाठी खरी गरोदर बाई लागते. ती गिऱ्हाईक बनून जाते. पर्समध्ये नंबर टिपून ठेवलेल्या नोटा, सोबत ‘नणंद’ किंवा ‘जाऊ’ म्हणून एक कार्यकर्ती. पोटावर थंड जेल लागतं, यंत्र फिरतं आणि ती डॉक्टरांच्या तोंडून एक शब्द निघायची वाट पाहते. छापा पडतो, पंचनामा होतो. खटल्यात साक्ष तिचीच असते, आणि तारखा पडत पडत तिची पाळी येईपर्यंत ती केव्हाच बाळंत झालेली असते.