स्थानांतर व उत्कर्ष : मैदानावरील कांहीं दाखले

(१) इतिहासांत एखाद्या पुरुषाच्या उदयाचीं कारणें शोधतांना आपली दृष्टि बहुधा त्याच्या अंगच्या गुणांवर स्थिरावते. ते गुण ज्या जागेवर उभें राहून प्रकट झाले, त्या जागेचा विचार क्वचितच होतो. बाळाजी विश्वनाथ हे मुलकी कारभारांत मुरलेले गृहस्थ होते. १७१३ सालीं पेशवेपद हातीं आल्यावर त्यांची तीच हिशेबी बुद्धि १७१९ मध्यें दिल्लीहून चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मिळविण्याच्या कामीं आली. गुण जुनेच होते. जागा मात्र नवी होती. असे दाखले राजकारणांत पुष्कळ आढळले, तरी त्यांत जागेचा परिणाम किती व गुणांचा परिणाम किती, हें वेगळें करून दाखविणें दुर्घट असतें. कारण एकाच मनुष्यास दोन्ही जागांवर पुनः पुन्हां तोलून पाहण्याची सोय तेथें नसते.

खेळाच्या मैदानावर ही सोय आहे. तेथें प्रत्येक सामन्याची नोंद तारीखवार राहते, आणि खेळाडू कोणत्या जागीं खेळला व त्यानें काय केलें हें ताडून पाहतां येतें. म्हणून जागा बदलल्यावर कांहीं खेळाडूंचा उत्कर्ष कां होतो, ह्या प्रश्नाचा विचार येथें फुटबॉलच्या दाखल्यांपासून आरंभून, डोंबिवलीशीं संबंध असलेल्या दोन क्रिकेटपटूंच्या दाखल्यानें पुरा करण्याचें योजिलें आहे.

(२) ‘स्थान’ ह्या शब्दाचा अर्थ फुटबॉलमध्यें जितका स्पष्ट आहे तितका इतर थोड्याच खेळांत असेल. अकरांपैकीं एक गोलरक्षक. बाकीच्यांची बचाव, मध्य व आघाडी अशा फळ्यांत वांटणी. हंगेरीचे नांदोर हिदेगकुटी हे पूर्वीं उजव्या कडेस खेळत. पुढें त्यांस आघाडीच्या मध्यावर नेमण्यांत आलें. परंतु त्या जागीं उभें न राहतां ते मागें सरकून खेळूं लागले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं लंडनच्या वेंब्ले मैदानावर इंग्लंडच्या बचावास ह्या माणसाच्या मागें जावें कीं आपली जागा धरून राहावें, हें शेवटपर्यंत उमगलें नाहीं. हंगेरीनें ६–३ असा विजय मिळविला व त्यांतील तीन गोल हिदेगकुटींचे होते. इटलीचे आंद्रेआ पिर्लो ह्यांचा दाखला ह्याहून बोलका आहे. ते आघाडीच्या लगत खेळत; पण २००१ सालीं ब्रेशा संघांत ती जागा रोबेर्तो बाज्जो ह्यांनीं व्यापलेली होती. तेव्हां प्रशिक्षक कार्लो मात्सोने ह्यांनीं पिर्लोंस मागें, बचावाच्या पुढ्यांत आणून ठेविलें. तेथून सगळें मैदान त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत आलें, आणि पांच वर्षांनीं, २००६ मध्यें, विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघाचा खेळ ते त्याच जागेवरून चालवीत होते.

भारतीय फुटबॉलमधील ठळक दाखला १९६२ सालच्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेंतील आहे. जर्नेलसिंग हे बचावाचे आधारस्तंभ. थायलंडविरुद्धच्या सामन्यांत त्यांच्या डोक्यास जखम होऊन टांके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम ह्यांनीं त्यांस विश्रांति देऊन बसविलें नाहीं. उपांत्य सामन्यांत थेट आघाडीच्या मध्यावर उतरविलें. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताच्या तीन गोलांपैकीं एक त्यांचा होता. आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियावर २–१ असा जो विजय मिळाला, त्यांतील एक गोल पी. के. बॅनर्जींचा, तर दुसरा जर्नेलसिंगांचा. ह्याच संघाच्या मधल्या फळींत मूळचे गोव्याचे व मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेले फोर्तुनातो फ्रँको होते, हें येथें नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं.

ह्या तीन दाखल्यांत एक भेद ध्यानांत ठेवावा. जर्नेलसिंगांचें स्थानांतर प्रासंगिक होतें. संकट टळल्यावर ते बचावांत परतले. हिदेगकुटी व पिर्लो ह्यांचें स्थानांतर कायमचें होतें. पहिल्या प्रकारांत धाडस पुरतें. दुसऱ्यास काळ लागतो. हा काळ किती लागतो व तो कोण देतो, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आपल्या प्रांतांतील क्रिकेटच्या नोंदींत अधिक तपशिलानें मिळतें.

(३) क्रिकेटमध्यें फलंदाजीचा क्रम हेंच स्थान होय. सलामीस नवा चेंडू व ताजे गोलंदाज, मधल्या क्रमांकांस डावाची बरीवाईट स्थिति, शेवटच्यांस उरलेसुरलें, अशी ही विभागणी आहे. मुंबईच्या परंपरेंत हा क्रम ओलांडण्याचे दोन दाखले प्रसिद्ध आहेत. श्री. रवि शास्त्री हे फेब्रुवारी १९८१ मध्यें वेलिंग्टन येथें डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हां त्यांचा क्रमांक दहावा होता. तेथून पायरीपायरीनें ते सलामीपर्यंत पोंचले आणि जानेवारी १९९२ मध्यें सिडनी येथें त्यांनीं २०६ धांवा केल्या. दुसरा दाखला श्री. सचिन तेंडुलकर ह्यांचा. २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंड येथें नवज्योत सिद्धू ह्यांची मान धरल्यामुळें सलामीची जागा रिकामी पडली. ती तेंडुलकरांनीं मागून घेतली व ४९ चेंडूंत ८२ धांवा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचें पहिलें शतक त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, सलामीसच झालें.

(४) आतां डोंबिवलीकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली व पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली. मुंबईंत चाकरी व ठाणें-कल्याण पट्ट्यांत बिऱ्हाड, ही जी राहणी पुढें रूढ झाली तिचें मूळ ह्या लोहमार्गांत आहे. मुंबईंत जागा न परवडणाऱ्या कुटुंबांनीं डोंबिवली वसविली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्री. रोहित शर्मा (जन्म ३० एप्रिल १९८७, नागपूर) ह्यांचे आईवडील अशाच एका खोलीच्या घरांत डोंबिवलीस राहात. घरची प्राप्ति बेताची असल्यामुळें मुलास बोरिवलीस आजोबा व काका ह्यांजकडे ठेविलें होतें. सुटीच्या दिवशीं तो डोंबिवलीस येई. बोरिवलीच्या शाळेंत प्रशिक्षक श्री. दिनेश लाड ह्यांनीं त्यास घेतलें तें फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजीस तो आठव्या क्रमांकावर येई. त्याच्या हातांतील बॅट लाड ह्यांच्या नजरेंत भरली व त्यांनीं त्यास सलामीस धाडलें. हें त्याचें पहिलें स्थानांतर.

श्री. अजिंक्य रहाणे (जन्म ६ जून १९८८) हे मूळचे संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्दचे. त्यांचें शालेय शिक्षण डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयांत झालें, आणि वयाच्या सातव्या वर्षीं खेळाचे पहिले धडेहि त्यांनीं डोंबिवलींतच, चटईच्या खेळपट्टीवर गिरविले. सप्टेंबर २००७ मध्यें कराची येथें मुंबईकडून खेळलेल्या पहिल्याच प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं सलामीस येऊन १४३ धांवा केल्या. २०११ सालीं इंग्लंडांत भारताकडून त्यांचा मर्यादित षटकांच्या सामन्यांतील प्रवेशहि सलामीचा फलंदाज म्हणूनच झाला.

(५) ह्या दोघांच्या वाटा जेथें एकमेकींस छेदतात तें स्थळ मोहाली व तो दिवस २३ जानेवारी २०१३ होय. इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेंतील पहिल्या तीन सामन्यांत रहाणे सलामीस आले होते. चौथ्या सामन्यांत त्यांस वगळून ती जागा शर्मांस देण्यांत आली. शर्मा ह्यांनीं ८३ धांवा केल्या. हा प्रयोग नवा नव्हता: २०११ च्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेंत शर्मांस तीन सामन्यांत सलामीस धाडलें होतें व त्यांच्या धांवा २३, १ व ५ अशा झाल्या होत्या. त्या वर्षाच्या विश्वचषक-संघांतहि त्यांस स्थान मिळालें नव्हतें. म्हणजे ‘जन्मजात सलामीवीर’ म्हणून आज ज्यांची ख्याति आहे, त्यांच्या पहिल्या परीक्षेचा निकाल नापास असा होता. मोहालीनंतर मात्र जून २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकांत ती जागा त्यांच्याकडे कायम झाली. पुढें नोव्हेंबर २०१३ मध्यें बंगळुरास २०९, नोव्हेंबर २०१४ मध्यें कोलकत्यास २६४, डिसेंबर २०१७ मध्यें मोहालीस नाबाद २०८ अशीं तीन द्विशतकें, व २०१९ च्या विश्वचषकांत पांच शतकें झालीं.

जागा गमावलेल्या रहाणेंचें काय झालें? मार्च २०१३ मध्यें दिल्लीस त्यांच्या पहिल्या कसोटींत ७ व १ धांवा झाल्या. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंत सहाव्या क्रमांकावर येऊन डर्बनला त्यांनीं नाबाद ५१ व ९६ धांवा केल्या. त्याच दौऱ्यांत त्यांच्या वर, पांचव्या क्रमांकावर शर्मा होते. त्यांच्या चार डावांतील धांवा १४, ६, ० व २५. फेब्रुवारी २०१४ मध्यें वेलिंग्टनला ११८ व जुलैंत लॉर्ड्सवर १०३ धांवा करून रहाणे मधल्या फळींत स्थिर झाले. आघाडीचा खेळाडू मागें सरकून उजळला. मागचा खेळाडू पुढें जाऊन उजळला.

तथापि कसोटींत शर्मांस आणखी सहा वर्षें जागा सांपडली नाहीं. नोव्हेंबर २०१३ मध्यें कोलकत्यास पहिल्याच कसोटींत सहाव्या क्रमांकावर १७७ धांवा झाल्यामुळें तीच त्यांची जागा, असा समज दृढ झाला. आरंभींचें यश हेंहि कधीं कधीं आडवें येतें, तें असें. जानेवारी २०१८ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत पहिल्या दोन कसोटींत रहाणेंस वगळून शर्मांस खेळविलें. तिसऱ्या कसोटींत शर्मांस वगळून रहाणेंस आणलें, आणि जोहान्सबर्गच्या बिकट खेळपट्टीवर रहाणेंच्या ४८ धांवा विजयास उपयोगी पडल्या. एकाच जागेसाठीं दोघांस झुंजविण्यांत संघाचें हित नव्हतें, हें ह्यावरून दिसतें. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजीं विशाखापट्टणम् येथें शर्मा कसोटींत प्रथमच सलामीस आले व एकाच सामन्यांत १७६ आणि १२७ धांवा करते झाले. त्या वेळीं संघाचे प्रशिक्षक श्री. रवि शास्त्री होते. दहाव्या क्रमांकापासून सलामीपर्यंतची वाट ज्यांनीं स्वतः चाललेली होती, तेच. त्यापूर्वींच्या २७ कसोटींत शर्मांचीं शतकें तीन. त्यानंतर मे २०२५ मध्यें निवृत्त होईपर्यंतच्या ४० कसोटींत नऊ. रहाणेंचीं कसोटी शतकेंहि बाराच आहेत. २०२१ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील विजयी मालिकेच्या शेवटच्या दोन सामन्यांत रहाणे कर्णधार होते व शर्मा सलामीस होते. वाद एका जागेचा होता, तो दोन जागा होतांच मिटला.

(६) ह्या नोंदींवरून तीन अनुमानें निघतात. पहिलें, स्थानांतरास रिकामी जागा लागते. सिद्धूंची मान धरली नसती, जर्नेलसिंगांस जखम झाली नसती, किंवा बाज्जोंनीं पुढची जागा अडविली नसती, तर हे उत्कर्ष कदाचित् घडलेच नसते. दुसरें, पारखी लागतो. रहीम, मात्सोने व लाड ह्यांचीं नांवें त्यांच्या खेळाडूंच्या नांवांपाशींच लिहिलीं पाहिजेत. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें, अपयशानंतर पुन्हां संधि देण्याइतका धीर लागतो. २०११ च्या तीन डावांवर निकाल कायम केला असता, तर २०१३ उजाडलें नसतें.

जागा म्हणजे सर्वस्व, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. डिसेंबर २०२४ मध्यें अॅडलेड व ब्रिस्बेन येथें शर्मा पुन्हां सहाव्या क्रमांकावर उतरले, तेव्हां ३, ६ व १० धांवा झाल्या. आणि मेलबर्नला सलामीस परतल्यावरहि ३ व ९ च झाल्या. उतरत्या काळास जागेचा उपाय चालत नाहीं. जागा गुण निर्माण करीत नाहीं; असलेल्या गुणांस वाव देते, इतकेंच.

परंतु हें ‘इतकेंच’ लहान नाहीं. ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर, कल्याणच्या सुभाष मैदानावर व डोंबिवलीच्या गल्ल्यांतून आजहि बारा वर्षांच्या मुलांस कोणी गोलरक्षक, कोणी बचावाचा, कोणी आठव्या क्रमांकाचा म्हणून शिक्का मारून ठेवीत असेल. त्या शिक्क्याखालीं किती गुण दडपले जातात, हें कळण्याचें एकमेव साधन म्हणजे त्या मैदानांवरील सामन्यांच्या धांववह्या. मोठ्या सामन्यांचे आंकडे सर्वत्र मिळतात. लाड ह्यांनीं आठव्या क्रमांकाच्या मुलास सलामीस धाडलें, ही गोष्ट मात्र आपणांस मुख्यत्वेंकरून संबंधितांच्या आठवणींतून ठाऊक आहे. शाळांच्या कपाटांत व मंडळांच्या कचेऱ्यांत पडलेल्या अशा वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं जमवून त्यांची याद करणें, हें जुनीं दप्तरें तपासण्याइतकेंच अगत्याचें काम आहे. ठाणें व कल्याण येथील अभ्यासकांनीं तें हातीं घ्यावें, अशी विनंति आहे.