जॉन चार्ल्सची किंमत

फुटबॉलपटू जॉन चार्ल्सचा मोठेपणा गोलांच्या आकड्यांवरून सांगायची पद्धत आहे. आकडे मोठेच आहेत. १९५३-५४च्या हंगामात लीड्स युनायटेडसाठी लीगमध्ये एकट्याचे ४२ गोल; त्या क्लबात हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण मी उमेदीची सगळी वर्षं स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळलो, त्यामुळे मला भुरळ पडते ती त्याआधीच्या गोष्टीची. हा सेंटर फॉरवर्ड मूळचा स्टॉपर!

वेल्समधल्या स्वान्सीत १९३१ साली तो जन्मला. तिथल्या क्लबच्या मैदानावर पडेल ते काम करणारा हा पोरगा मुख्य संघातून एकही सामना न खेळता लीड्सला गेला. मॅनेजर मेजर फ्रँक बकली यांनी त्याला आधी बचावात उभं केलं आणि १९५२ मध्ये पुढे काढलं. उंच चेंडू येताना स्टॉपरची पंचाईत होते: चेंडूवर नजर ठेवायची की अंगाला भिडलेल्या माणसावर? ती घालमेल ज्याने स्वतः भोगली, त्याला समोरच्याची उडी कुठे चुकणार हे नेमकं कळतं.

१९५६च्या सप्टेंबरात लीड्सच्या एलंड रोड मैदानाचा वेस्ट स्टँड आगीत खाक झाला. क्लबला पैसा हवा होता. त्याच हंगामात चार्ल्सने पहिल्या श्रेणीत ३८ गोल केले आणि १९५७ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या यूव्हेंटसने त्याच्यासाठी ६५,००० पौंड मोजले. ब्रिटिश खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी दिली नव्हती. नव्या स्टँडला या पैशाचा मोठा हातभार लागला. आज त्या स्टँडला चार्ल्सचंच नाव आहे. ते रास्तच, पण मला पुरेसं वाटत नाही. क्लबला त्याने एवढं मिळवून दिलं, पण इंग्लंडात तेव्हा खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला वीस पौंडांच्याही आत. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायची सोय नव्हती. पगाराची ही मर्यादा उठली १९६१ मध्ये, तेव्हा चार्ल्स इटलीत होता.

तुरिनमध्ये त्याने पहिल्याच हंगामात लीगमध्ये २८ गोल केले, सर्वांत जास्त. सिव्होरी आणि बोनिपेर्ती या संघातल्या साथीदारांसोबत त्याने पाच वर्षांत तीन वेळा लीग जिंकली. एवढा धिप्पाड गडी, पण कारकिर्दीत एकदाही त्याला पंचांनी ताकीद दिली नाही की मैदानाबाहेर काढलं नाही. इटलीतल्या बचावपटूंनी त्याला कमी लाथा घातल्या असतील असं नाही.

१९५८ मध्ये वेल्स पहिल्यांदाच विश्वचषकाला पोहोचलं. स्वतःच्या देशाकडून खेळायची परवानगीसुद्धा चार्ल्सला इटलीहून उशिरा मिळाली. तरी हंगेरीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने हेडने बरोबरी साधली. १७ जूनला हंगेरीशी पुन्हा गाठ पडली. वेल्स २-१ जिंकलं, पण हंगेरीवाल्यांनी चार्ल्सला लाथा घालून लंगडं केलं. बदली खेळाडूचा नियमच तेव्हा नव्हता, आणि पंचांनी त्याला काडीचंही संरक्षण दिलं नाही. याचा मला आजही राग येतो.

दोनच दिवसांनी गोथेनबर्गला ब्राझीलशी उपांत्यपूर्व सामना झाला आणि चार्ल्स बाहेर बसून होता. सतरा वर्षांच्या पेलेने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला; वेल्स ०-१ने हरलं. चार्ल्स असता तर जिंकले असते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उपांत्य सामन्यापर्यंत ब्राझीलवर कुणालाच गोल करता आला नव्हता. पण बेलिनी आणि ओर्लांदो या त्यांच्या स्टॉपरना त्या दिवशी हवेतल्या चेंडूसाठी चार्ल्सशी झुंजावं लागलं नाही, आणि वेल्सला पुढचा विश्वचषक खेळायला थेट २०२२ साल उजाडलं.