कावसजीचे नाक, वैमानिकांचे चेहरे

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी हा मराठा टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक घडविले. त्या काळी भूल नव्हती; सारी वेदना कावसजीने जागेपणी सोसली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने हा वृत्तान्त छापला, १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तीच पद्धत तेथे यशस्वी केली.

दुसऱ्या महायुद्धात पेटत्या विमानांतून वाचलेले वैमानिक इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात आले. शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी एकामागून एक शस्त्रक्रिया करून त्यांच्या पापण्या, नाके, हात पुन्हा घडविले. रुग्णांनी १९४१ मध्ये स्वतःचा ‘गिनीपिग क्लब’ स्थापला. युद्धाअखेर सभासद ६४९ झाले. या तरुणांना निःसंकोच आपले मानावे, असे मॅकिन्डोंनी गावकऱ्यांनाही शिकविले.

पुण्याच्या त्या कारागिराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परंतु शल्यविद्या वैद्याच्या हाताइतकीच रुग्णाच्या धैर्यावर उभी असते, हे कावसजीने त्या वैमानिकांच्या दीडशे वर्षे आधी दाखविले होते.