पिंपातला पुरावा

तोंडातून पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा खाली पाडणारा मासा असतो, ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांच्या कानावर रीतसर पडली ती 1764 साली. अॅम्स्टरडॅमचे डॉक्टर योहान अल्बर्ट श्लोसर यांनी पीटर कॉलिन्सन यांना लिहिलेलं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. मूळ माहिती बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जकार्ताची होती. तिथल्या इस्पितळाचे प्रमुख हॉमेल यांनी हे मासे धरून आणवले आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या एका मोठ्या, रुंद पिंपात सोडले. पाणी एक दिवसाआड बदललं जाई. मासे रुळल्यावर त्यांनी काठीच्या टोकाला टाचणीनं माशी खोचली आणि ती काठी पिंपावर लावली. मासे रोज नेम धरून माशी उडवतात, नेम कधी चुकत नाही, असं त्यांनी कळवलं. मासा चार ते सहा फुटांवरून मारा करतो, असंही त्या पत्रात आहे. आज आपण ज्याला घरगुती मत्स्यटाकी म्हणतो, तिचा ‘अॅक्वेरियम’ या नावानं बोलबाला व्हायला अजून नव्वद वर्षं जायची होती. या ‘तिरंदाज’ माशाचा अभ्यास मात्र तिच्या या आद्य, ओबडधोबड रूपातच सुरू झाला. त्यापुढची दीडशे वर्षं पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते: या माशाबद्दलचं सत्य टिकवलं ते त्याला पाण्यात जिवंत ठेवणाऱ्यांनी, आणि गोंधळ माजवला तो त्याला बाटलीत बुडवून पाहणाऱ्यांनी.

गोंधळ पहिल्याच पत्रापासून होता. वर्णनासोबत युरोपला पोचलेला नमुना तिरंदाजाचा नव्हताच. तो होता लांब, नळीसारख्या तोंडाचा, नारिंगी पट्ट्यांचा, प्रवाळांत राहणारा फुलपाखरू मासा, ज्याला शास्त्रज्ञ आज ‘केल्मॉन रोस्ट्रॅटस’ म्हणतात. तोंड नळीसारखं, तेव्हा पाण्याची धार याच नळीतून सुटत असणार, हा तर्क इतका सोयीचा होता की त्यावर शंका घेण्याची कुणाला गरज वाटली नाही. हॉमेल यांनी पुढे आणखी माहिती आणि नमुने पाठवले. त्यांतल्या एकाचं वर्णन पीटर सायमन पॅलस यांनी केलं, आणि हाच खरा तिरंदाज होता. पण लेखात तो ‘आणखी एक जात’ म्हणून आला, त्यामुळे आधीची चूक खोडली गेली नाही, उलट पिचकारी मारणारे मासे दोन आहेत असा समज झाला. फुलपाखरू मासा पुढे शंभर वर्षं पुस्तकांतून पिचकाऱ्या मारत राहिला. प्रत्यक्षात त्याची नळी प्रवाळांच्या फटींतून किडे वेचायच्या कामाची आहे.

खऱ्या तिरंदाजाचं तोंड पाहून काहीच कळत नाही, हीच सगळी अडचण होती. नळी नाही, चोच नाही, इतर माशांसारखंच तोंड. एकोणिसाव्या शतकात डच ईस्ट इंडीजमध्ये लष्करी डॉक्टर म्हणून राहून तिथल्या माशांवर अफाट काम केलेले पीटर ब्लीकर हेही या करामतीबद्दल साशंक होते. ब्लीकर यांची शंका आळशी माणसाची नव्हती, त्यांच्याएवढे मासे त्या काळी क्वचितच कुणी हाताळले असतील. पण ते हाताळत होते प्रामुख्यानं बाजारातून आलेले, मेलेले मासे. त्याच सुमारास मलाय लोक मात्र या माशाला ‘इकान सुम्पित’ म्हणत आणि त्याचा नेम पाहण्याची मौज लुटण्यासाठी घरात भांड्यात ठेवत, अशी नोंद ब्रिटिश म्युझियमचे आल्बर्ट ग्युंथर यांनी 1880 मध्ये केली. म्हणजे ज्या बाबतीत नामवंत अभ्यासक अडखळत होते, ती पाहायला एक भांडं, खाडीचं पाणी आणि थोडी फुरसत पुरेशी होती.

शास्त्रीय साहित्यात या वादाला उतार पडला तो 1902 मध्ये, आणि तोही एका हौशी पाळणाऱ्यामुळे. निकोलाय झोलोत्नित्स्की हे मॉस्कोतले मत्स्यपालक, मत्स्यटाकीवर रशियन भाषेत लोकप्रिय पुस्तक लिहिणारे. त्यांनी जिवंत तिरंदाज टाकीत ठेवून त्यांच्या हालचाली पाहिल्या आणि फ्रान्समधल्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. विषुववृत्ताजवळच्या खाडीतल्या माशाची बाजू मॉस्कोच्या थंडीतल्या टाकीनं लावून धरावी, हे जरा गमतीचंच. 1909 मध्ये अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ थिओडोर गिल यांनी सारी जुनी कागदपत्रं एकत्र तपासली. सयाम सरकारचे मत्स्यसल्लागार राहिलेले ह्यू स्मिथ यांनी 1936 च्या लेखात पिचकारीची रचनाही मांडली: टाळूला लांबट खाच असते, जीभ तिच्यावर दाबली की नळी तयार होते, आणि कल्ल्यांची झाकणं झटक्यात मिटली की पाणी त्या नळीतून बाहेर फेकलं जातं. नळी होती खरी, पण ती मासा वापरेल तेव्हाच तयार होत होती. बाटलीतल्या माशात ती दिसणार कशी?

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. चूक तर पिंपवाल्या हॉमेल यांच्याकडूनच निघाली, मग श्रेय पिंपाला कसं द्यायचं? पण चूक झाली ती पाहण्यात नव्हे. खोचलेली माशी, धरलेला नेम, फुटांतलं अंतर या गोष्टी पुढे खऱ्या ठरल्या. ‘कधी चुकत नाही’ ही अतिशयोक्ती तेवढी सोडून द्यावी. घोळ झाला तो पिंपातला मासा आणि जहाजावर चढलेली बाटली यांच्या मधल्या वाटेत, म्हणजे ज्याला पाहिलं त्यालाच नमुना म्हणून जपण्याची शिस्त नसल्यामुळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोंडलेला प्राणी जसा वागतो तसा तो मोकळेपणी वागतोच असं नाही. इथे टाकीची मर्यादा मान्य करायला हवी. खारफुटीच्या सावलीत हा मासा पाण्यावर पडलेले किडे आणि लहान कोळंबीवर्गीय जीवही खातो, जवळचं भक्ष्य उडी मारून धरतो. पिचकारीवर त्याचं पोट कितपत अवलंबून आहे, हे टाकी सांगू शकत नाही. पण पिचकारी कशी मारली जाते, हे टाकीखेरीज कळलं नसतं. पाण्यातून बाहेर पाहताना प्रकाश वाकतो आणि किडा भलत्याच जागी दिसतो. तरीही तिरकस नेम कसा बसतो याचा अभ्यास लॉरेन्स डिल यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केला. धारेचा मागचा भाग पुढच्यापेक्षा वेगानं येतो, त्यामुळे आदळण्याआधी पाणी टोकाशी गोळा होऊन तडाखा वाढतो, हे 2012 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं. असं चित्रण गढूळ खाडीत भरती-ओहोटी सांभाळत करणं जवळपास अशक्यच.

मासा नेमका कोणता, हा 1764 चा घोळ आजही मत्स्यटाकीच्या बाजारात जिवंत आहे. एकाच ‘आर्चर फिश’ नावाखाली वेगवेगळ्या जाती विकल्या जातात. पॅलस यांनी नोंदवलेला ‘टॉक्सोटिस जॅक्युलॅट्रिक्स’ मचूळ पाण्यातला. हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात नोंदवलेला ‘चाटारियस’ खाडीतून गोड्या पाण्यातही जाणारा. म्यानमारचा ‘ब्लायथी’ तर नदीतला. एकाला लागणारं मीठ दुसऱ्याला नको असतं. म्हणून हा मासा घरी ठेवू पाहणाऱ्यानं टाकी मोठी घ्यावी, कारण तो वीतभराहून बराच मोठा होतो. पाणी अर्ध्यावर ठेवून वर नेमबाजीला जागा सोडावी आणि झाकण लावायला विसरू नये. पण त्याआधी विकणाऱ्याला मासा कुठल्या पाण्यातून आला ते विचारावं, अंगावरचे पट्टे वर्णनाशी ताडून जात ठरवावी, आणि मगच समुद्री मीठ मोजायला घ्यावं.