डोळ्यांतील शिरांचें चित्र

शरीरांतील रक्तवाहिन्या कांहीं न कापतां पाहावयाच्या, तर त्यासाठीं डोळ्याच्या बाहुलीसारखी दुसरी खिडकी नाहीं. बोरघाटाच्या पायथ्याशीं शिळफाट्यावर वाटा फुटतात, तसे दृष्टिपटलावर शिरेला फाटे फुटतात. एखादा तुंबला कीं पलीकडचा प्रदेश उपाशी राहतो. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून हें सारें वैद्यांस दिसूं लागलें.

१८८० सालीं बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या नेत्रवैद्यानें कांहीं तरुणांच्या डोळ्यांत वारंवार होणारा रक्तस्राव वर्णिला. त्यांस बद्धकोष्ठ व घोळणा फुटणें हे विकारही होते. त्यावरून मूळ दोष मज्जातंतूंचा असावा, असें त्याचें अनुमान होतें. शिरांच्या भिंतींस येणारी सूज त्याच्या वर्णनांत नाहीं. रोगास मात्र त्याचेंच नांव राहिलें. पाश्चात्य देशांत आज विरळ झालेला हा रोग आपल्याकडे अजून आढळतो, आणि तो बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे घरच्या मिळवत्या माणसास गांठतो.

सांडलेलें रक्त नेत्रदर्शकांतून दिसे. पण कोणती शीर झिरपते, हें कळण्यास दुसरें साधन हवें होतें. बायर यानें १८७१ सालीं तयार केलेला फ्लुओरेसीन नांवाचा रंग निळ्या प्रकाशांत हिरवट पिवळ्या तेजानें उजळतो. अमेरिकेंतील इंडियाना येथें नोव्होट्नी व अल्विस या दोन तरुणांनीं तो हाताच्या शिरेंत टोंचून डोळ्याचीं छायाचित्रें घेतलीं; त्यासाठीं अल्विस यानें स्वतःचाच डोळा पुढें केला. त्यांचा लेख नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाकडून परत आला, आणि १९६१ सालीं रक्ताभिसरणाच्या नियतकालिकांत छापला गेला.

दृष्टिपटलाची निरोगी शीर हा रंग बाहेर जाऊं देत नाहीं. सुजलेल्या शिरेंतून तो झिरपतो व तिच्या कडेनें उजेड पसरतो; जेथें रक्त पोंचत नाहीं तो भाग काळा राहतो. अशा उपाशी भागाच्या सीमेवर नव्या, ठिसूळ शिरा उगवतात, आणि त्या फुटून डोळा रक्तानें भरतो. लेसरचा उपचार नेमका कोठें करावा, हें या चित्रावरून ठरतें. अलीकडे रंग न टोंचतां शिरांचें जाळें दाखविणारें यंत्र आलें आहे. परंतु त्यांत वाहतें रक्त दिसतें, झिरपणें दिसत नाहीं. म्हणून जुनी रीत टिकून आहे.

तथापि सूज कां आली, हें कोणतेंच चित्र सांगत नाहीं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयांतील संशोधकांनीं अशा रोग्यांच्या डोळ्यांतून काढलेल्या पडद्यांपैकीं कांहींत क्षयजंतूंचा अंश आढळल्याचें २००० सालीं प्रसिद्ध केलें. परंतु सूज जंतु आणतो कीं त्याविरुद्ध शरीरानें केलेला प्रतिकार, हा वाद मिटलेला नाहीं. ईल्सनें जें पाहिलें तें खरें होतें. अनुमान तेवढें चुकलें. यंत्रें सुधारलीं तरी हा धोका आजच्या वैद्यासही आहे. म्हणून तरुणाच्या नजरेपुढें अकस्मात् काळे ठिपके तरंगूं लागले, तर डोळ्याचें चित्र लवकर काढावें, आणि त्याबरोबर छातीचीही तपासणी करावी.